तरुण, धावऱ्या कुत्र्याच्या अंगावरच्या गाठी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या अंगावर हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. अडचण एवढीच की निरुपद्रवी गाठ आणि वाईट गाठ वरून अगदी सारखी दिसू शकते. पंचवीस वर्षं हेच काम करणारे डॉक्टरही नुसतं बोट लावून छातीठोक सांगत नाहीत, सुई मागवून आतला नमुना तपासतात. खालची उत्तरं हे धरूनच वाचावीत.

दीड वर्षाच्या लॅब्रॅडोरच्या कानावर आठवड्यात लाल, गुळगुळीत गाठ आली. कॅन्सर असेल का?

कोवळं वय, कानाची पाळी, झपाट्याने वाढ, वरचे केस गेलेले आणि शर्टाच्या बटणासारखा घुमट. हे वर्णन हिस्टिओसायटोमा या निरुपद्रवी गाठीला तंतोतंत बसतं. कातडीत पहारा देणाऱ्या लॅंगरहान्स पेशी एका जागी भराभर वाढतात आणि ही गाठ होते. डोकं, कान आणि पाय या तिच्या आवडत्या जागा. एक ते चार आठवडे ती वाढते, पण सहसा अडीच सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. मग शरीराच्या लढाऊ पेशी तिच्यात शिरतात आणि ती आतून मोडायला लागते. बहुतेक गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात.

गंमत अशी की मालक सर्वांत जास्त घाबरतात ते ती बरी व्हायला लागते तेव्हा. माथ्यावर खड्डा पडतो, लस येते, खपली धरते, गाठ रागावल्यासारखी लालभडक दिसते. अनेकदा ती उतरणीला लागल्याचीच खूण असते. या टप्प्यावर घरातली खाजेची स्टिरॉइड ट्यूब लावायची नाही, कारण गाठ जिरवणारी प्रतिकारशक्तीच स्टिरॉइडने दबते आणि दोन महिन्यांचं काम लांबत जातं. कुत्र्याला ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

तीन महिन्यांनंतरही गाठ तशीच असेल, किंवा कुत्रा खाजवून रोज रक्त काढत असेल, तर ती काढून टाकणं बरं. एक मात्र नक्की: ‘बटणासारखी आहे म्हणजे हिस्टिओसायटोमाच’ असं घरी ठरवून दोन महिने वाट पाहत बसू नका. आधी सुईने तपासा, मग खुशाल वाट पाहा.

म्हणजे हाताला लागणारी प्रत्येक गाठ घेऊन दवाखान्यात पळायचं?

नाही. साधा हिशेब असा: गाठ १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा महिना झाला तरी गेली नसेल, तर सुईची तपासणी करून घ्यावी. त्याहून लहान आणि नवी असेल तर मोजा, फोटो काढा, दर आठवड्याला पाहा. वाढत असेल तर महिना पुरा व्हायची वाट पाहू नका.

पण त्याआधी ती गाठच आहे ना, हे बघा. टॉर्च लावून केस बाजूला करा. करड्या, फुगलेल्या ‘गाठी’च्या बुडाशी इवलाले पाय दिसले तर तो गोचीड. बारीक चिमटा कातडीला टेकवून तो तोंडाजवळ धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. रॉकेल, जळती काडी, तेल यातलं काही नको. गोचीड काढल्यावर त्या जागी मसुराएवढी कडक पुळी आठ-पंधरा दिवस राहते, ते चालतं. आणि पोटावर दोन ओळींत, साधारण समोरासमोर असलेले आठ-दहा उंचवटे ही स्तनाग्रं आहेत. ती नरालाही असतात. गोचीड समजून ती उपटायचा प्रयत्न करणारे दर पावसाळ्यात भेटतात.

मोजायची कशी? ‘द्राक्षाएवढी आहे’ असं सांगितलं तर चालेल का?

नाशिकमध्ये तर मुळीच नाही. इथे ज्याच्या डोळ्यांसमोर निर्यातीचा टपोरा मणी आहे त्याची ‘द्राक्षाएवढी’ आणि ज्याच्या डोळ्यांसमोर मनुक्याचा बारीक माल आहे त्याची ‘द्राक्षाएवढी’ यात दुपटीचा फरक पडतो. बागायतदार मणी मिलिमीटरमध्ये मोजतो, गाठही तशीच मोजावी. त्याच्याकडचा मापकही चालतो, धुऊन घ्या म्हणजे झालं.

कुत्रा पळून येऊन दमलेला असताना त्याला कुशीवर झोपवा. गाठीवरचे केस पाण्याने ओले करून दोन्हीकडे चापून बसवा. गाठ चिमटीत न दाबता, नुसती बोटं टेकवून तिच्या कडा शोधा. लांबी आणि रुंदी मोजा. शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढा. मग लिहा: तारीख, माप, जागा (‘उजवी बगल, कोपरापासून चार बोटं वर’ असं), मऊ की कडक, कातडीबरोबर सरकते की खाली चिकटलेली, केस आहेत की गेले, दुखतं का. जागा लिहिणं महत्त्वाचं. दाट केसांच्या कुत्र्याच्या अंगावरची लहान गाठ दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेल्या अवस्थेत सापडतच नाही. म्हणून निघायच्या आधी शेजारच्या केसांची एक बट कात्रीने थोडी कापून ठेवा किंवा साध्या स्केचपेनने गोल करा.

रोज चाचपू नका. रोज पाहिल्याने वाढ कळत नाही, आणि सारखी दाबलेली गाठ सुजून उगीच मोठी वाटते. रविवारी सकाळी एकदा, तेवढं पुरे.

सुईची तपासणी म्हणजे काय करतात? सुई लावली की गाठ चवताळते असं ऐकलंय.

इंजेक्शनची साधी २२ किंवा २३ नंबरची सुई गाठीत घालून दोन-तीन दिशांना हलवतात. सुईच्या पोकळीत आलेला कणभर माल काचेच्या पट्टीवर उडवून पसरतात, वाळवतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली पाहतात. भूल लागत नाही. लस टोचण्याइतकंच दुखतं. दवाखान्यात मायक्रोस्कोप असेल तर अर्ध्या तासात अंदाज मिळतो, नाहीतर पट्टी लॅबला जाते.

पट्टी बरंच काही सांगते. चरबीच्या गाठीतला माल काचेवर वाळतच नाही, तुपाच्या थेंबासारखा तेलकट राहतो. रंगवताना अल्कोहोलमध्ये ती चरबी धुऊन जाते आणि पट्टी रिकामी दिसते. केसांच्या मुळाशी झालेल्या गाठीतून टूथपेस्टसारखा राखाडी लगदा येतो. मास्ट सेल ट्यूमर (कातडीचा एक कॅन्सर) असेल तर पेशींत आणि पेशींभोवती जांभळी खसखस सांडल्यासारखे दाणे दिसतात. झटपट रंगाने हे दाणे कधीकधी नीट रंगत नाहीत, म्हणून शंका असेल तर पट्टी लिशमन किंवा जिम्सा रंगाने पुन्हा पाहायला सांगावी.

सुईमुळे साधी गाठ वाईट होत नाही. जी मुळात वाईट होती ती तपासणीनंतर कळली, आणि दोष सुईच्या माथी बसला, एवढाच या समजाचा इतिहास. मास्ट सेल ट्यूमर टोचल्यावर तासाभरात सुजू शकतो, तेवढं लक्ष ठेवायचं. ‘नमुना अपुरा’ असा अहवाल आला तर तो ‘सगळं ठीक’ असा वाचू नका. पुन्हा सुई लावायची.

वाईट गाठ ओळखायची काहीच खूण नाही का?

संशय घेण्याच्या खुणा आहेत, खात्री देणारी एकही नाही. सर्वांत फसवा हा मास्ट सेल ट्यूमरच. तो कधी मसासारखा दिसतो, कधी चरबीच्या मऊ गाठीसारखा, कधी नुसत्या कीटकदंशासारखा. बॉक्सर, पग, लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात तो जास्त आढळतो आणि तरुण कुत्र्यालाही होतो. ‘सकाळी मोठी, संध्याकाळी लहान’ असा गाठीचा खेळ चालला असेल, किंवा हात लागल्यावर भोवतालची कातडी लाल होऊन फुगत असेल, तर ती गाठ पुन्हा दाबायची नाही आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची. त्या पेशींत हिस्टामिन हे सूज आणि लाली आणणारं रसायन भरलेलं असतं, दाबल्यावर ते बाहेर पडतं.

जबड्याच्या कोनाखाली दोन्ही बाजूंना, खांद्यापुढे, गुडघ्यामागे अशा जोडीजोडीने गाठी लागल्या तर त्या कातडीच्या गाठी नव्हेत. ती अवधाणं, म्हणजे सुजलेल्या लसिका ग्रंथी. आपल्याकडे गोचीडतापात त्या सुजतात, पण रक्ताच्या कॅन्सरमध्येही सुजतात. इथे वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, रक्ततपासणी आणि त्या गाठींतली सुई दोन्ही करावं.

ओठांवर आणि तोंडात फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे मस आलेत. रोज नवे दिसतात.

हे पॅपिलोमा विषाणूचे मस. साधारण दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांना होतात, कारण त्यांच्या शरीराने हा विषाणू आधी पाहिलेला नसतो. सुरुवातीला गुळगुळीत, गुलाबी-पांढरा ठिपका, मग खरखरीत तुरा. दोन-तीनपासून पन्नासपर्यंतही असू शकतात. आकडा पाहून घाबरू नका. शरीराला विषाणू ओळखता आला की सगळे एकदमच वाळायला लागतात. बहुतेकांचे एक ते तीन महिन्यांत जातात, थोड्यांना पाच महिने लागतात. एकदा बरा झालेला कुत्रा त्या प्रकारच्या विषाणूपासून सहसा सुरक्षित राहतो.

संसर्ग झाल्यापासून मस दिसेपर्यंत एक ते दोन महिने जातात. म्हणून दिवाळीत बोर्डिंगला ठेवलेल्या पिल्लाच्या ओठावर नाताळच्या सुमारास मस दिसले, तर ‘काल बागेत खेळलेल्या कुत्र्यामुळे’ असं म्हणून शेजाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. तोंडाला तोंड लावून खेळणं, एकच चेंडू, एकच पाण्याचं भांडं यांतून तो पसरतो. शेवटचा मस गळेपर्यंत डे-केअर, बोर्डिंग आणि गोल्फ क्लब मैदानावरची सकाळची टोळी बंद. एकट्याने फिरवायला हरकत नाही. घरात दुसरा कुत्रा असेल तर भांडी वेगळी करा, पण मस दिसले तोवर त्याला लागण बहुधा झालेली असते. भांडी आणि रबरी खेळणी साबणाने घासून, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून, भरपूर पाण्याने धुवा. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. माणसाला आणि मांजराला हे मस होत नाहीत.

खाताना रक्त येतं, तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते, घास गिळताना अडकतो, असं झालं तर डॉक्टर मोठे मस काढतात किंवा गोठवतात. काही जण ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देतात. त्याचा फायदा प्रत्येक कुत्र्यात सारखा दिसत नाही, आणि मस तसेही जाणारच असतात, त्यामुळे औषधाने गेले की आपोआप, हे एका कुत्र्यावरून सांगता येत नाही. तोवर कोरडे दाणे भिजवून द्या, हाडं आणि काठ्या बंद.

घोड्याचा केस बांधणं, बिब्बा, चुना, हळद, थुजा (होमिओपॅथीचं औषध) यांपैकी काय चालेल?

घोड्याच्या शेपटीचा केस किंवा दोरा मसाला आवळून बांधला की पुढचा भाग काळा पडतो, बूड जिवंत राहतं आणि त्यात पू होतो. कुत्रा तो भाग चावून काढतो, आणि तपासायला काही शिल्लक राहत नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि चाटल्यावर तोंडही भाजतं. चुना-गुळाच्या लेपाचं तेच. दोन्ही सरळ नको. हळदीने अपाय होत नाही, पण गाठीचा रंग आठवडाभर कळेनासा होतो, म्हणून दवाखान्यात जायच्या आधी लावू नका. टी-ट्री तेल कुत्र्याला विषारी आहे.

थुजाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. विषाणूचे मस बहुधा एक ते तीन महिन्यांत स्वतःहून जातात, आणि थुजाचा कोर्सही बहुधा तेवढाच असतो. श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. थुजा देत असाल तरी सुईची तपासणी टाळू नका.

नऊ महिन्यांच्या जर्मन शेफर्डच्या कोपरावर पाण्याने भरलेली मऊ गाठ आली आहे. दुखत नाही.

हा हायग्रोमा. वजनदार जातीचं पिल्लू कडक फरशीवर धाडकन बसतं, तेव्हा कोपराचं हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी चेचली जाते. मोठ्या कुत्र्याच्या कोपरावर घट्टा असतो, पिल्लाला तो अजून आलेला नसतो. मग शरीर स्वतःच पाण्याची गादी तयार करतं. शहाबादी असो की गुळगुळीत टाइल्स, उन्हाळ्यात कुत्रा गाद्या सोडून गार फरशीच शोधतो, आणि एप्रिल-मेमध्ये या तक्रारी वाढतात.

इलाज गादीचा आहे, सुईचा नाही. पाणी काढलं की आठवड्यात पुन्हा भरतं, आणि सुईबरोबर जंतू आत गेले तर साध्या पाण्याचा पू होतो, ते प्रकरण मग महिनोन् महिने चालतं. चार इंच जाडीचा घट्ट फोम घ्या. बसल्यावर कोपर फरशीला टेकत असेल तर फोम मऊ आहे. त्यावर जुनी गोधडी, उन्हाळ्यात वरून ओलसर पिळलेलं गोणपाट, म्हणजे गारव्यासाठी तो फरशीवर जाणार नाही. त्याच्या आवडत्या तीन-चार जागांवर अशा गाद्या टाका, एकच ठेवून तो तिथेच बसेल ही आशा नको. कोपराला जाळीचं पॅड बांधलंत तर रोज काढून कातडी बघा. गाठ जिरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. गरम, लाल झाली किंवा कुत्रा लंगडू लागला तरच लगेच डॉक्टर.

पांडवलेणीला फिरून आल्यावर दोन दिवसांनी पंजाच्या बोटांमध्ये लाल फुगवटा आला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर आधी कुसळ आठवा. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरीच्या उतारांवरचं गवत पावसाळ्यानंतर वाळतं आणि त्याची कुसळं सुटी होतात. कुसळाचं टोक भाल्यासारखं आणि केस उलट्या दिशेचे, त्यामुळे पाऊल पडेल तसं ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आत गेलं की बोटांमध्ये फोड, त्याला बारीक भोक, भोकातून लालसर पाणी. फोड फुटतो, बरा वाटतो, आठ दिवसांत पुन्हा येतो. हे चक्र दिसलं की आत काहीतरी आहे असंच समजायचं. अँटिबायोटिकने चक्र थांबत नाही, कुसळ शोधून काढावंच लागतं, आणि तेही भूल देऊन.

पहिल्या दिवशी घरी करण्यासारखं: कोमट पाण्यात अगदी थोडं मीठ घालून पंजा दहा मिनिटं बुडवा, दिवसातून दोनदा, मग बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने काढा, दिसत नसेल तर उकरू नका. खरं काम फिरून आल्यावर लगेचच असतं: प्रत्येक बेचकी, बगल, कानाचं भोक आणि शेपटीखालची जागा बघा. केस लांब असतील तर बोटांमधले केस दसऱ्यापूर्वीच कापून ठेवावेत. बाभळीच्या काट्याचं टोक मोडून आत राहिलं तरी प्रकार हाच होतो.

कान पुरीसारखा फुगलाय.

कानाच्या पाळीत रक्त साठलंय. मूळ दुखणं बहुधा कानाच्या आत असतं: पोहून ओला राहिलेला कान, जंतुसंसर्ग, गोचीड. मग कुत्रा डोकं झाडतो आणि पाळीतली रक्तवाहिनी फुटते. दोन-तीन दिवसांच्या आत दाखवा. नुसता सोडून दिला तर कान आवळून चुरगळलेला राहतो.

लस टोचली त्या जागी गाठ राहिली आहे.

वाटाण्याएवढी, दुखत नसलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरते. महिन्यानंतर वाढत असेल किंवा तीन महिन्यांनंतरही असेल तर सुईने तपासा. लस कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला दिली ते कार्डावर लिहून घेण्याची सवय चांगली.

गाठ असताना त्याला पळवू का? गंगापूर धरणावर पोहायला नेऊ का?

गाठ बंद असेल, दुखत नसेल आणि पट्ट्याखाली येत नसेल तर पळवा. हिस्टिओसायटोमा असलेला कुत्रा आजारी नसतो. त्याला कोंडून ठेवलं तर तो कंटाळून तीच गाठ चाटत बसतो. पट्टा आणि हार्नेस मात्र तपासा. बगलेतली किंवा छातीवरची गाठ हार्नेसच्या शिवणीखाली येत असेल तर पाच किलोमीटरच्या पळण्यात ती सोलून निघते. दोन बोटं आरामात जातील इतका सैल, बगलेपासून मागे पट्टा असलेला हार्नेस घ्या, किंवा काही आठवडे साध्या गळपट्ट्यावर काढा.

खपली उघडी असेल, लस येत असेल, टाके असतील, तर पाण्यात उतरवायचं नाही. धरण नाही, गोदावरीचं पात्र नाही, पावसाळी डबकंही नाही. झुडपी रानही टाळा. पावसाळ्यात उघड्या गाठीवर माशी बसली की दिवसभरात अंड्यांतून अळ्या निघतात, म्हणून जखमेभोवती माशा दूर ठेवणारा जनावरांचा स्प्रे डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

खेळताना गाठ फुटली, रक्त थांबत नाही.

स्वच्छ गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल घेऊन घट्ट दाबून धरा, घड्याळ लावून पाच ते दहा मिनिटं. मध्येच उचलून बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कानाचं रक्त डोकं झाडल्याने थांबत नाही, तेव्हा पाळी डोक्यावर पालथी ठेवून जुना मोजा कापून डोक्यावरून चढवा, श्वास मोकळा ठेवून. रक्त थांबल्यावर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून त्या पाण्याने धुवा. बीटाडीन वापरायचं तर कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डेटॉल नको. आतला लगदा पिळून काढायचा मोह आवरा. कातडीखाली फुटलेल्या गाठीतला माल आतल्या आत पसरला की लिंबाएवढी सूज येते.

दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहत असेल तर दवाखाना गाठा. गोचीडतापात प्लेटलेट घसरलेले असतात, आणि कधीकधी त्याचा पहिला पुरावा न थांबणारं हे रक्तच असतं.

रस्त्यावरून आणलेल्या वर्षाच्या कुत्रीच्या योनीजवळ लाल, फुटीर मांस दिसतं आणि रक्ताचे थेंब पडतात. ही पाळी का?

माजाचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं. त्यापुढेही थेंब पडत असतील आणि मांसल गोळा दिसत असेल तर टीव्हीटीचा संशय घ्या. हा समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून पसरणारा ट्यूमर, आपल्या मोकाट कुत्र्यांत बराच आढळतो. नराच्या लिंगावर, नाकात, कधी कातडीवरही येतो. नाव ऐकून धीर सोडू नका: व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाचं शिरेतून इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा, यात बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. दर वेळी आधी रक्ततपासणी करतात. औषध दिल्यानंतर काही दिवस लघवी-शी उचलताना हातमोजे घाला, गरोदर बाईने ते काम करू नये.

घरातल्या लहान मुलांना गाठीपासून काही होईल का?

गाठीपासून नाही. अपवाद एक: माती उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकाडावर किंवा पंजावर लाल, केस गेलेला, पू पाझरणारा उंचवटा. हा नायट्याचाच फुगलेला प्रकार असू शकतो, दिसतो हुबेहूब हिस्टिओसायटोमासारखा, आणि तो माणसाला लागतो. घरात कोणाला गोल चट्टा उठला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

ऑपरेशन करायचं ठरलं. काय विचारायचं आणि नंतर या वादळाला शांत कसं ठेवायचं?

विचारायचं हे: सुईचा अहवाल काय आला आणि त्यानुसार किती कातडी घेणार? साधी गाठ काठाकाठाने काढता येते, मास्ट सेल ट्यूमरला भोवतालची दोन ते तीन सेंटीमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थर घ्यावा लागतो. न तपासता कापलं तर दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं. भुलीआधी प्लेटलेटसह रक्ततपासणी करून घ्या. काढलेली गाठ फेकू देऊ नका. ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रवात ठेवून बायोप्सीला पाठवायची, फ्रीजरमध्ये नाही. खर्च विचारताना भूल, शस्त्रक्रिया, बायोप्सी आणि नंतरची ड्रेसिंगं हे चार आकडे वेगळे विचारा. एकत्र आकड्यात बायोप्सी बहुधा धरलेली नसते.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तिसऱ्या दिवशी कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो, आणि बिघडतं ते तिथेच. सोफ्यावरून एक उडी, जिन्यावर एक धाव, आणि टाक्यांखाली पाण्याची पिशवी भरते. दिवसातून चारदा, दहा-दहा मिनिटं, आखूड पट्ट्यावर, सपाट रस्त्याने फिरवा. गळ्यात शंकूची कॉलर रात्रीसुद्धा, ‘बिचारा’ म्हणून काढून ठेवली त्याच तासात टाके चाटून निघतात. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे दोन बोटं असावी. खाणं थोडं कमी करा आणि उरलेली ऊर्जा नाकाने खर्च करू द्या: जुना टॉवेल गुंडाळून घड्यांत दाणे लपवा, रबरी खेळण्यात साधं दही भरून गोठवून द्या. वीस मिनिटं हुंगूनही तो चांगला दमतो. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही.

दुखत असेल तर घरातली गोळी देऊ का?

नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत जातं. (डायक्लोफेनॅक २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं ते त्याने गिधाडं मरत होती म्हणून, पण कुत्र्यांनाही ते कधीच मानवलेलं नव्हतं.) मेलॉक्सिकॅम कुत्र्याला देतात, म्हणून माणसाची गोळी देऊन पाहतात. दहा किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस साधारण १ मिलिग्रॅम, आणि माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, वजनावर मोजलेलं औषधच द्या, तेही पोटात अन्न असताना.

वेळ न घालवता कधी निघायचं?

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून तोंड सुजलं, अंगभर गांध्या उठल्या आणि श्वास घरघरतोय किंवा उलट्या होताहेत: आत्ता, रात्र असली तरी. गाठ गरम, ठणकणारी आणि ताप १०३ फॅरनहाइटच्या वर: त्याच दिवशी. आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट झालेली, हाडाला चिकटलेली, किंवा काळी पडत चाललेली गाठ: दोन-तीन दिवसांत. बेंबीजवळची मऊ गाठ दाबल्यावर आत जाते तो हर्निया, त्याला घाई नसते. तीच गाठ अचानक कडक झाली, आत जाईना आणि पिल्लू ओकू लागलं, तर मात्र पुढच्या तासाभरात टेबलावर.